घंटीला चौफेर किनार

हसायचंय ना? मग आधी चहा संपवा. मागं एकानं हा किस्सा ऐकताना घोट घेतला आणि माझा पांढरा सदरा कामातून गेला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात डिझाईन काढायचो. आलेखाचा कागद घ्यायचा, एकेक चौकोन रंगवायचा, मधे मोर नाहीतर कमळ, आणि चौफेर किनार. तेव्हा डोक्यावर केस होते आणि डोक्यात महादेवी होती.

महादेवी म्हणजे मल्लप्पामामांची एकुलती एक लेक. मामा आईच्या नात्यातले, शुक्रवार पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आईनं विषय काढला तर मामा म्हणाले, "पोरगी देतो की! पण मला पोरगा नाही. दुकान सांभाळणारा जावई पाहिजे. सिद्धूला ह्यातलं काय कळतंय का?"

"लई कळतंय!"

हे कोण बोललं? मीच बोललो, दुसरं कोण! मासिकं वाचून एक रेडिओ जोडला होता मी. खिडकीत ठेवला तरच बोलायचा, पण बोलायचा.

मामांनी परीक्षाच लावली. बटण दाबलं की चिमणीसारखी चिवचिवणारी दारावरची घंटी त्यांना करायची होती. वहीच्या पानावर पेन्सिलनं सर्किट काढलेलं माझ्या हातात दिलं.

"हे मोठं करून काळ्या शाईनं सुबक काढ. पुण्याला पाठवू, पंचवीस प्लेटा बनून येतील. प्लेटेवर तांब्याचा थर असतोय. जिथं तुझी शाई, तिथं तांबं राहणार, बाकीचं विरघळून जाणार. म्हणजे तुझी रेघ हीच तार, कळलं का? जसंच्या तसं काढ बरं!"

"मामा, रेघा काढण्यातच आयुष्य चाललंय माझं!"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कागद पसरला. अहो, काय ती रेघ! अशी सरळ, की मलाच माझी दृष्ट लागावी. तेवढ्यात शेजारच्या मागावरचा नरसय्या डबा घेऊन आला.

"काय बे सिद्धू, हे काय? कडेला चार सुतं तशीच लोंबायलेत की!"

"सुतं नव्हं बे, तारा हायत. दोन बॅटरीच्या, दोन बटणाच्या. विजेचं काम हाय हे."

"असू दे की बे. किनार नसली की माल उसवतोय."

मी हसलो. पण तो गेला आणि मला चैन पडेना. चार रेघा कागदाच्या कडेपर्यंत यायच्या आणि तिथंच संपायच्या. बघवत नव्हतं हो! असला उघडा माल मी उभ्या जन्मात हातावेगळा केला नव्हता. आणि हा माल कुणाच्या घरी जाणार? महादेवीच्या! शेवटी दौत उघडली आणि चौफेर झकास जाड किनार मारली. चारी रेघा नीट किनारीत नेऊन मिळवल्या. चार कोपऱ्यांत चार फुलं काढली. आणि कागद बंद पाकिटातून थेट पुण्याला धाडून दिला. मामांना दाखवलासुद्धा नाही. म्हटलं, एकदम तयार मालच बघू देत!

प्लेटा आल्या. मामांनी शेजारपाजारचे बोलावले, पहिल्या प्लेटेला हळद-कुंकू वाहिलं. "डिझाईन लई भारी हाय," सगळे म्हणाले. मी मान खाली घालून लाजलो. महादेवी कपाटाला टेकून उभी होती. मामांनी सगळे पार्ट जोडले, टॉर्चचे चार सेल लावले.

चिवचिव नाही. बटण न दाबताच सेल तापले.

"मामा, चटका बसतोय हो!"

"अय्यो शिवा! मी घंटी सांगितली होती, शेगडी नव्हं!"

मी म्हणालो, सेल जुने असतील. नवे लावले. तेही तापले. मग म्हणालो, पुण्याच्या लोकांनी माल बिघडवला, त्यांना खरमरीत पत्र लिहितो! शेजारी हळूहळू चपला शोधायला लागले. माझ्या डोळ्यासमोरून सगळी वरात उलटी निघाली.

तेवढ्यात महादेवी पुढं आली. प्लेट उचलली, उजेडात धरली.

"ही किनार कशाला?"

"शोभेला," मी म्हणालो.

"बॅटरीचं एक टोक हिला चिकटलंय, दुसरं पण हिलाच. मग वीज घंटीकडं कशाला जाईल? किनारीवरनंच फेरी मारून परत येतीय की!"

असं म्हणून तिनं मामांच्या टेबलावरचं ब्लेड घेतलं, माझी किनार खराखरा खरवडली, सेल लावले आणि बटण दाबलं. चिव चिव चिव! शेजारी चपला घालून दारात उभे होते, ते तसेच आत आले.

मामांनी स्वतः एकदा बटण दाबून बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सिद्धू, दुकान सांभाळायला माणूस घरातच होतं की रे! मी उगाच जावई हुडकत बसलो."

संपलं! मी उठायला लागलो. तर महादेवी म्हणाली, "अप्पा, अजून चोवीस प्लेटा खरवडायच्या हायत. ह्यांना बसू दे."

बसलो. ज्या हातांनी जीव ओतून किनार काढली, त्याच हातांनी चोवीस वेळा खरवडली. लग्न झालं आमचं. दुकान तिनं चालवलं आणि लई नावारूपाला आणलं.

माझं काय? दुकानाची नवी पाटी मीच रंगवली की! चौफेर किनार, चार कोपऱ्यांत चार फुलं. टांगायच्या आधी आमच्या मंडळींनी ती उलटीसुलटी करून तपासली, नुसतं लाकूडच आहे ना म्हणून.