धक्क्यावरून सल्ला

पेणजवळच्या आमच्या खाडीतून मालाची मोठी बार्ज निघाली, की आमच्या गावातले एक काका धक्क्यावर हजर. दोन्ही बाजूंना मच्छीमारांच्या होड्या, मधे जेमतेम वाट. काका मिटलेली छत्री उगारून ओरडणार, "डावीकडं घे! नाय, नाय, थांब!" स्वतः त्यांनी कधी सुकाणूचं चाक धरलेलं नव्हतं.

परवा बार्ज चालवणारा तांडेल वैतागला. "या काका, तुमीच काढा."

काका खरंच चढले. चाक हातात आलं आणि ते नुसतं घट्ट धरून उभे राहिले. बार्ज होड्यांवर सरकू लागली, तसे धक्क्यावरचे आम्ही सगळेच किंचाळलो, "उजवीकडं! नाय, डावीकडं!" तांडेलानं झडप घालून चाक फिरवलं, म्हणून होड्या वाचल्या.

काका होडीनं परतले. घाम पुसत मला म्हणाले, "किती वरडता तुमी! माणसाला सुचू पन देत नाय."