दमधरे काकांचे रोडगे

दमधरे काकांना मी कधी कशावर फुंकर मारताना पाहिलं नाही. चहा कितीही वाफाळता असो, ते बशीत ओतत नसत, हलवत नसत. कप समोर ठेवून त्याच्याकडे बघत बसत. घाईतल्या माणसाला हे बघणं म्हणजे शिक्षाच, आणि मी कायम घाईत असे. "दम धरा, मास्तर. त्याची आच तो आपल्या मनानं सोडते," असं म्हणायचे. त्यांचं खरं आडनाव पांढुर्ण्यात फारसं कुणाला आठवत नसे. ज्याला त्याला 'दम धरा' सांगतात म्हणून दमधरे.

जाम नदीपलीकडे, सावरगावच्या बाजूला त्यांची संत्र्याची बाग होती. पण गावाला त्यांची ओळख रोडग्यांची. कुणाकडेही रोडग्यांचं जेवण असलं की कणीक मळण्यापासून गोवऱ्यांच्या विस्तवापर्यंत सगळा ताबा काकांचा. एकात एक कणकेच्या पाऱ्या घालून वळलेले जाड रोडगे ते इंगळात मांडत, वर गरम राख ओढत आणि शेजारी काठी घेऊन बसत. काठी असे ती राख उघडून बघायला येणाऱ्यांसाठी. "वरची पारी आच घेते, मंग आतलीले देते, आतली तिच्या आतलीले. तिचं स्वतःचं भागल्याबिगर ते देईन कशी?" मी शाळेत विज्ञान शिकवायचो. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे हे मला कळायचं, आणि भुकेल्या पोटी त्याचाच जास्त संताप यायचा.

प्रांतांची फेररचना चालली होती तेव्हाची गोष्ट. आमचा बाजार, सोयरीक, बोली सगळं नागपूरकडचं. तरी नागपूर वेगळं काढून आम्हाला मध्य प्रदेशातच ठेवणार अशी कुणकुण होती. अशात कळलं की एक मोठे साहेब लोकांचं म्हणणं ऐकायला सौसरहून येणार आहेत आणि संध्याकाळच्या गाडीनं पुढे जाणार आहेत. आमच्या हेडमास्तरांनी बेत केला: काकांच्या बागेत रोडग्यांचं जेवण द्यायचं, साहेब तृप्त झाले की मगच विषय काढायचा. उपाशी माणसापुढे भाषण नको, हे त्यांचं शहाणपण. भाषण त्यांनी तोंडपाठ केलं होतं.

साहेब वाटेत बोरगावला थांबणार होते, ते न थांबताच आले. काकांनी तेव्हा नुकतीच राख ओढली होती. हेडमास्तर मला सारखे विस्तवाकडे पिटाळत होते आणि मी काकांच्या हातापाया पडत होतो.

"काका, वरून तर लाल झाले असतीन. काढा ना आता."

"वरून झाले जी. आत कनिकच हाये. साहेबाले कनिक चारता काय?"

"मंग अजून गोवऱ्या टाका!"

"टाका. वरचं जळन, आतलं तसंच राहीन."

मी चिडून सुपानं वारा घालायला लागलो, तर त्यांनी सूपच काढून घेतलं. "शिजून राहिले ना, मास्तर. दम धरा."

तिकडे साहेबांनी दोन संत्री सोलून खाल्ली, घड्याळ पाहिलं आणि हात जोडले. गाडी चुकवून त्यांना चालणार नव्हतं. हेडमास्तर जीपमागे धावत काहीतरी बोलले, ते धुरळ्यात गेलं. थोड्या वेळानं काकांनी शांतपणे राख बाजूला केली. रोडगे अप्रतिम झाले होते म्हणे. मी एकही तोंडात घातला नाही, इतका राग आला होता.

पुढे निकाल लागला. नागपूर मराठी मुलखात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. कचेरीतले कागद हिंदी, साहेब हिंदी, आणि शाळेला मराठी पुस्तकं हवी तर ती मागायची कुणाकडे हे कुणी सांगेना. मी चडफडत इकडून तिकडे हेलपाटे घालत होतो. गावानं मात्र सगळा राग थट्टेथट्टेत काकांवर काढला. हिंदी अर्ज लिहिताना कुणी अडला की हमखास म्हणायचा, "दमधरेचे रोडगे भोवले, बापा!" काका हसत नसत, रागावतही नसत. मला वाटे, या माणसानं एकदा तरी फाडकन उलट बोलावं. त्यांनी एवढंच केलं, की कुणाकडे रोडगे करायला जाणं बंद केलं.

काही वर्षांनी मला नागपूरला नोकरी लागली. निरोप घ्यायला बागेत गेलो, तर काका आळ्याशी बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले. खरं सांगा. त्या दिवशी मी रोडगे लवकर काढले असते तं आपन नागपुराकडे गेलो असतो काय?"

हे त्यांच्या जिवाला इतकी वर्षं लागून राहिलं होतं! मी घाईघाईनं म्हणालो, "नाही जी, काका. ते वर सरकारात आधीच ठरलं होतं. साहेब नुसते फिरून राहिले होते. तुमचा काहीच दोष नाही."

वाटलं, आता सुटतील. पण त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे हेडमास्तर बोलले असते तरीबी काही झालं नसतं?"

"नाही."

"मंग आमाले विचाराले आले कायले होते?"

काका बोटानं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "गावात हे नका सांगू, मास्तर. रोडग्यायनंच गेलं म्हनू द्या लोकायले."