शेळी दोनदा ओरडली

रहिमतपूरच्या बाजारातल्या फळवाल्या चाचांनी मला फसवलं, आणि त्यात माझी आई सामील होती. हे आधी ऐकून ठेवा, कारण पुढं मी चाचांबद्दल बरंच चांगलं बोलणार आहे.

गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की चाचा घाई करत नसत. डोक्यावरची टोपी काढत, तिच्या आत निरखून बघत, परत घालत आणि म्हणत, "तुझं ऱ्हाऊ दे, माझं बी ऱ्हाऊ दे. मधलं बोल." एकदा एका रिटायर सुभेदारांनी विचारलं, "चाचा, टोपीत काय लिवलंय?"

"तुमची पेन्शन," चाचा म्हणाले. सुभेदार हसत हसत दोन किलो पेरू जास्त घेऊन गेले.

आमची लिंबा-मिरच्यांची पाटी त्यांच्या शेजारी असे. वडील नव्हते. आई मवाळ, मी तापट. एका बाईनं लिंबं दाबून दाबून बघितली आणि न घेताच निघाली, तेव्हा मी तिच्या पाठीत लिंबू मारलं. चाचांनी ते उचलून आणलं, पुसून पाटीत ठेवलं. "लिंबं आंबट हायत तेवढं पुरं, गड्या." मला ते गड्याच म्हणत.

घासाघीस मी त्यांच्याकडून शिकले. पहिल्याच भावाला जो हो म्हणतो त्याच्यावर नजर ठेवायची, कारण त्याला सौदा पाळायचाच नसतो, असं ते सांगत. आज मी सांगलीत एका कारखान्याची खरेदी बघते. पुरवठादार मला टरकून असतात ते या शिकवणीमुळं.

कराडला इंजिनिअर झाले आणि पुढं शिकायला जर्मनीत जागा मिळाली, तेव्हा आईनं साफ नकार दिला. चाचा आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले.

"पोर दोन वर्सं म्हणती, आक्का."

"एक दिस बी न्हाई, भाई."

टोपी निघाली. "मधलं बोला."

नाही आणि दोन वर्षं यांच्या मधलं काय असतं ते मला आजही माहीत नाही, पण तासाभरानं आई तयार झाली होती. मग मी माझी अट घातली. कुणाला काही झालं तर त्याच दिवशी मला कळवायचं, परीक्षा असो नाहीतर काही असो.

"व्हय," चाचा लगेच म्हणाले. टोपीला हातही लावला नाही. मी आनंदात होते, माझ्या लक्षात आलं नाही.

तिथल्या पहिल्या नाताळात वसतिगृह रिकामं झालं. आमच्या मजल्यावर मी एकटी. दुपारी चारलाच अंधार पडायचा. सणाला सगळी दुकानं बंद असतात हे मला ठाऊक नव्हतं. जवळ तांदूळ होते आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. गरम भातात चटणी कालवली आणि पहिल्याच घासाला मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. आपण इथं कुणामुळं बसलोय ते एकदम समोर उभं राहिलं. आभार मानले की आपला भाव पडतो असं मला वाटतं, म्हणून मी ते मानत नाही. त्या दिवशी मानले. लिंबापासून उंबऱ्यापर्यंत सगळं आठवून चाचांना सहा मिनिटांचा बोलका निरोप पाठवला.

अर्ध्या तासानं उत्तर आलं. आधी खोकला, मग, "जीती रह, गड्या. आमी सगळी बरी हाय. अभ्यास कर." मागं कुणाची तरी शेळी दोनदा ओरडली. मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "चाचा, येताना स्वेटर आणू का तुम्हाला?" उत्तर आलं. खोकला, मग, "जेवलीस का? कानाला बांधत जा, लय थंडी असंल." शेळी दोनदा ओरडली.

या वेळी हसू आलं नाही. स्वेटर म्हटल्यावर चाचांनी घासाघीस करून घड्याळ मागायला हवं होतं.

मी आईला फोन लावला. "चाचा कुठायत?"

"बाजारात हायत की."

"आत्ता? तिकडं साडेआठ वाजून गेलेत."

"मग घरी असतील. तू जेव." आणि आईनं फोन ठेवला. तिनं आजवर कधी माझ्याआधी फोन ठेवलेला नव्हता.

मी परत लावला नाही. परीक्षा महिन्यावर आली होती. यात माझाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही.

शेवटचा पेपर झाल्यावर आईनं सांगितलं. चाचा नाताळच्या दोन आठवडे आधीच गेले होते. छातीत पाणी झालेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर एका दुपारी अंगणात खाटेवर बसून त्यांनी माझ्यासाठी फोनमध्ये अकरा निरोप बोलून ठेवले. चाची शेळीला हाकलत होत्या, ती परत परत येत होती. मग त्यांनी तो फोन आईच्या हातात दिला आणि परीक्षा संपेपर्यंत मला न सांगण्याची तिला शपथ घातली.

माझे आभार ऐकले ते एकट्या आईनं. ऐकून तिनं अकरातला एक निवडला आणि पाठवला.

मी पास झाले. सगळे म्हणतात, उपकार मान. मानते. पण सौदा माझा होता आणि तो त्यांनी परस्पर मोडला. अभ्यास बुडवून मूठभर माती द्यायला यायचं की नाही, हे मी ठरवणार होते.

पुढच्या महिन्यात कारखाना मला वर्षभरासाठी परत जर्मनीला पाठवतोय. गेल्या रविवारी आईकडं गेले. बाजारात चाचांच्या जागेवर आता एकजण मोबाईलची कव्हरं विकतो. आई म्हणाली, "फोन भरलाय म्हणतोय, बघ जरा." मी बघितला. आत आईच्याच आवाजातले चौदा निरोप होते, सगळे एकाच दुपारचे. "मी बरी हाय." "गुडघा आता दुखत न्हाई." "दिवाळीला न्हाई आलीस तरी चालतंय."

"हे काय आहे?" मी ओरडले. तिनं फोन काढून घेतला. "उगं, बसल्या बसल्या." त्याच आठवड्यात ती डोळे दाखवायला म्हणून एकटीच साताऱ्याला जाऊन आली होती. चष्मा जुनाच आहे.

आई, हे तू वाचशीलच. वाचलंस की मला फोन कर, निरोप पाठवू नकोस. साताऱ्याचा डॉक्टर काय म्हणाला?