बावीस, सोळा, अकरा

माझ्या दोघा नातवंडांनो,

आमचा कॉम्प्युटर जुना झाला म्हणून बंद पडला, असं तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं आहे. ते पूर्ण खरं नाही. येत्या सोमवारी आजोबांना नगरला डॉक्टरांकडे न्यायचं आहे. तिथून परत आल्यावर झालेल्या गोष्टी मला जशाच्या तशा आठवतील, की डॉक्टर जे सांगतील ते त्यात मिसळून जाईल, याची खात्री वाटत नाही. म्हणून आजच लिहिते. माझ्या नोंदवहीत वार आणि वेळा आहेत, त्यांच्याच आधारानं.

उन्हाळ्यात तुम्ही आला होतात तेव्हा धाकटीनं बांधावर उभं राहून विचारलं होतं, "आपल्या शेतांना माणसांसारखी नावं का?" आजोबा म्हणाले होते, "एकेकाची गोष्ट हाय. सांगतो." तुम्ही परत गेलात आणि मी ते शब्द धरून ठेवले. आमची शेतं नऊ. दर आठवड्याला एक, असं मी त्यांना टोपी नीट करून कॉम्प्युटरपुढे बसवायची, बटण दाबायची आणि ते बोलायचे. चिंचेचं, म्हसोबाचं, उतरणीचं, कोरडी विहीर. कुठल्या दुष्काळात कोणी कुठे खणलं, कुठल्या बांधावरून कोणत्या भावांनी बोलणं टाकलं. यातलं कागदावर कुठेही नाही. सातबाऱ्यावर फक्त गट नंबर असतात. त्यांच्या पिढीतलं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

आठ झाली होती. नववं राहिलं होतं, सवतीचा तुकडा. ते नाव ऐकून थोरला हसला होता, आठवतं? आजोबा म्हणायचे, "त्याची गोष्ट मोठी हाय, उद्या बसू." हे उद्या चार वेळा झालं. मला वाटलं, कंटाळले असतील.

नऊही पुरी झाली की पेन ड्राइव्हवर घ्यायची, वर चिठ्ठी चिकटवायची आणि दिवाळीला तुम्हाला पाठवायची, असं मी ठरवलं होतं. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवत होते तेव्हापासून अर्धवट काम फाईलला लावायचं नाही, ही माझी शिस्त. त्या शिस्तीचा मला अभिमान होता.

खंडेनवमीला आजोबांनी नेहमीप्रमाणे अवजारांची पूजा केली. ट्रॅक्टर, विळे, कोयते, विहिरीवरची मोटर, माझं शिवणयंत्र. शेवटी तबक घेऊन ते कॉम्प्युटरच्या खोक्यापाशी आले. या खोक्याच्या वरच्या बाजूला हवा जायला जाळी आहे.

"जरा बेतानं, आत जाईल," मी म्हणाले.

"मास्तरीणबाई, आपली रानं ह्याच्यात हायेत ना? मग ह्याला जास्तीच फुलं." त्यांनी पाणी शिंपडलं, हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला. मी नंतर वरून पुसून घेतलं. नोंदवहीत लिहिलं: पूजा झाली, पुसलं.

त्यानंतरच्या रविवारी कॉम्प्युटरवर तुमच्याशी व्हिडिओवर बोलताना तुम्ही दोघं हसता हसता थिजलात आणि पडदा काळा झाला. मी मोबाईलवरून तुमच्या बाबांना फोन लावला.

"आई, राउटर बंद करून चालू केलास?"

"केला. अर्धा मिनिट मोजून."

"वायर?"

"दोन्ही टोकं काढून परत लावली. खारीनं कुरतडलेली नाही, गच्चीपर्यंत बघून आले. तिसरं सांग."

"तिसरं? तू कॉल सेंटरला लाग."

आम्ही हसलो. पण राउटरचे दिवे हिरवे होते, मोबाईलवर नेट व्यवस्थित येत होतं, म्हणजे दोष नेटमध्ये नव्हता. आणि नेट गेलं तर पडद्यावर तसं लिहून येतं, तो काळा होत नाही. कॉम्प्युटरच बंद पडला होता. प्लग दुसऱ्या भिंतीला लावून पाहिला, इन्व्हर्टरवर चालवून पाहिला. वीज नीट होती.

सोमवारी सकाळी खोक्यावर झेंडूचं फूल होतं. मी ते उचलून बाजूला ठेवलं, कॉम्प्युटर चालू केला आणि हातात घड्याळ घेऊन बसले. बावीस मिनिटांनी तो आपोआप बंद पडला. मी आकडा लिहिला. खरं सांगते, मला बरं वाटलं. दुखणं मोजता आलं म्हणजे ते आटोक्यात आलं, असं मला आयुष्यभर वाटत आलं आहे.

बुधवारी फूल उचललं, व्हायरस शोधायचा प्रोग्रॅम लावला. तो अर्ध्यावर असतानाच पडदा काळा. सोळा मिनिटं. गुरुवारी अकरा. त्या दिवशी खोलीत वास आला, फोडणीत हळद करपते तसा. मी गॅस बघून आले. गॅस बंद होता. खोक्याला हात लावला तर तो चटका बसण्याइतका तापला होता आणि आतून टक्, टक् असं येत होतं, कोणी नखानं पत्रा वाजवावा तसं. मी आजोबांना विचारलं, "तुम्हाला ऐकू येतंय का?"

ते दारात उभे होते. म्हणाले, "काय?" आणि माझ्याकडे न बघता माझ्या मागे, खोक्याकडे बघत राहिले.

शनिवारी फूल उचललं तेव्हा माझ्या बोटांना पाणी लागलं. दव असेल, असं मी स्वतःशी म्हणाले. घरातल्या टेबलावर दव पडत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी फूल बाजूला ठेवलं आणि घड्याळ लावलं. सहा मिनिटं.

तेव्हा मात्र मी खोका जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि रिक्षानं तिसगावला नेला. तिथे बाजारपेठेत दुरुस्तीचं दुकान चालवणारी बाई माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं बाजूचा पत्रा उघडला आणि मोठ्यानं हसली.

"बाई, ह्याच्यात पीक घेता का काय तुमी?"

तिनं खोका वर्तमानपत्रावर आडवा केला आणि ठोकला. तांदूळ पडले. पडतच राहिले. पंख्याची पाती अक्षतांनी आणि कुंकवाच्या चिखलानं धरून ठेवली होती. पंखा फिरत नव्हता, म्हणून मशीन तापत होतं आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद होत होतं, असं तिनं समजावलं. मग ती ब्रशनं पाकळ्या बाजूला करू लागली आणि तिचं हसणं थांबलं. तिनं पाकळ्या ओळीनं मांडल्या. पहिल्या काळ्या पडलेल्या, मग तपकिरी, मग सुरकुतलेल्या पिवळ्या, शेवटची केशरी.

"पूजा किती दिस केली, बाई?"

"एकदाच. खंडेनवमीला."

तिनं शेवटची पाकळी चिमटीत दाबली. बोट ओलं झालं.

"ही आजची हाय."

मी स्टुलावर बसले. मला रोजचं ते फूल दिसलं. मी रोज उचलून बाजूला ठेवलेलं, एकदाही मोजायला न घेतलेलं.

"आतलं काही महत्त्वाचं हुतं का?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, हार्ड डिस्कवर पाणी गेलंय, आणि चालू असताना सारखी बंद पडल्यानं आतलं लिखाण तुटत गेलंय. "बाई, मशीन असं करायला लागलं की आधी आतलं काढून घ्यायचं. दोष मागून शोधायचा. पहिल्या दिशी किती वेळ चाललं?"

"बावीस मिनिटं."

"बावीस मिनिटांत समदं निघालं असतं." मग माझ्याकडे न बघता ती स्क्रू गोळा करू लागली.

तुम्हाला खरं काय ते सांगायचं होतं, ते हे. आजोबांनी पूजा केली. त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असायला हवं होतं. मी चांगली मिनिटं मोजण्यात घालवली, आणि दर वेळी मोजायला चालू करून उरलेलंही तोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटेचा आवाज आला. आजोबा सोवळं नेसून, तबक घेऊन त्या रिकाम्या टेबलापुढे उभे होते. धुळीत खोक्याच्या चार पायांच्या खुणा तेवढ्या होत्या.

"अहो, काय करताय?"

"नवमी हाय नव्हं आज? खोकं कुठं हाय?"

"दुरुस्तीला दिलंय."

"सणाच्या दिशी?" ते चिडले. "ताळतंत्र हाय का न्हाई?"

त्यांनी त्या चार खुणांमध्ये पाणी शिंपडलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, मधोमध झेंडू ठेवला. मी त्यांना पूजा पुरी करू दिली. मग हात धरून खाटेवर बसवलं, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि विचारलं, "सवतीच्या तुकड्याला ते नाव कशावरून पडलं?"

त्यांनी टोपी नीट केली. बोलणार असं वाटलं. मग घरी आलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तसं माझ्याकडे बघून ते हसले.

"तुमाला कुनी सांगितलं त्या तुकड्याचं?"

लग्न झाल्यापासून त्यांनी मला कधी तुम्ही म्हटलेलं नाही. मी रेकॉर्डिंग बंद केलं. ते मात्र मी लगेच पेन ड्राइव्हवर घेतलं.

तेव्हापासून फुलं आणि अक्षता मी रोज सकाळी स्वतःच तबकात भरून ठेवते. टेबलावर एक पाट मांडला आहे. किती वाजता पूजा झाली आणि त्यांनी मला काय म्हणून हाक मारली, एवढंच नोंदवहीत लिहिते. डॉक्टर विचारतील म्हणून.

डिस्कमधून जे निघालं त्याच्या तीन प्रती केल्या आहेत. एक या पत्रासोबत येते आहे, एक माझ्या कपाटात आहे, एक तिसगावच्या दुकानात. आठपैकी तीन शेतं उरली आहेत: चिंचेचं, कोरडी विहीर, आणि उतरणीचं अर्ध्यापर्यंत.