झाडलेला काठ

आमच्या गल्लीच्या टोकाला जी खाडी होती, तिला नाव नव्हते. सुरतेत शहरातून वाहणाऱ्या ओढ्यांना खाडीच म्हणतात, आणि नवागामातल्या आमच्या वस्तीला ती एकच खाडी ठाऊक असल्यामुळे तिला वेगळे नाव देण्याची गरज कोणाला भासली नसावी. थोड्या अंतरावर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, कापड रंगवण्याची एक मिल होती. तिच्या पलीकडे खाडी त्या दिवशीच्या साड्यांच्या रंगाची होई. कधी जांभळी, कधी गडद हिरवी. आमच्या बाजूचे पाणी मात्र पाण्यासारखेच होते. काठावर खानदेशातून आलेल्या बायकांनी कधीकाळी आणून बसवलेले सपाट दगड होते. सकाळी नळाचे पाणी गेले की त्या दगडांवर धुणे आपटल्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात येई.

माझे पती उधन्याच्या मराठी शाळेत शिक्षक होते. मी मराठी घेऊन एम. ए. झाले होते आणि चाळिशीपर्यंत घरातच होते. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझे वाक्य अर्ध्यावर थांबे. अशा बाईला नोकरी मिळाली ती एका सरकारी कचेरीत, हंगामी, मराठीतून आलेले अर्ज गुजरातीत उतरवून देण्याची. त्या कचेरीचे काम सार्वजनिक पाण्याचे होते. कोणाला नाल्यावर पूल बांधायचा असेल, तळ्याचा कोपरा भरायचा असेल, खाडी पाइपात घालायची असेल, तर परवानगी तिथून घ्यावी लागे.

आमच्यापासून दोन घरे सोडून राहणाऱ्या बाईंना सारी गल्ली मावशी म्हणे. त्या अमळनेरकडच्या. यजमान मागावर कामाला होते, पुढे मुलगाही तिथेच लागला. मावशींच्या घरी कानबाई बसे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी चौरंगावर नारळाची देवी मांडायची, तिला नथ घालून, शालू नेसवून रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत, अनवाणी पायांनी वाहत्या पाण्यावर न्यायची. नारळ पाण्यात बुडवायचा आणि काठची मूठभर वाळू पाटावर घेऊन घरी परतायचे. पाणी वाहतेच हवे, एवढी एकच अट. आमची खाडी ती अट पुरी करी, आणि तीही चालत जाण्याच्या अंतरावर.

एका सकाळी गल्लीच्या खांबावर गुजरातीतली नोटीस चिकटवलेली दिसली. मावशींनी मला थांबवले.

“काय लिखेल शे बाई? परत दंडनं शे का?”

तो प्रश्न स्वाभाविक होता. प्लेगच्या साथीनंतरची ती वर्षे. शहर झाडूनपुसून लख्ख करण्याचा ध्यास महापालिकेने घेतला होता. कचरा टाकताना, पाणी सांडताना कोणी दिसले की पावती फाटे. परप्रांतातून आलेल्या आमच्या लोकांच्या मनावर तर या साथीचा ओरखडा अधिकच होता. घाण तुमच्या वस्त्यांतून आली, असे बसमध्ये, बाजारात कोणी ना कोणी ऐकवी. त्यामुळे टोपीवाला किंवा फाइलवाला माणूस दिसला की त्याने काही विचारण्याआधीच नाही म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय साऱ्या गल्लीला लागली होती.

“दंडाचं नाही मावशी,” मी म्हटले. “मिलवाल्यांना ही खाडी पाइपात घालायची आहे. वर स्लॅब टाकून ट्रकसाठी रस्ता करणार. कोणाची हरकत असेल तर कळवा म्हणतात.”

मावशींनी नोटिशीवर बोट ठेवले. “आनि आपली कानबाई? पाइपमा बसाडसूत का तिले?”

“बसाडा ना,” शेजारची सून म्हणाली. “सरळ समुद्रापर्यंत जाई. तिकीट बी लागाव नही.”

सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्याच संध्याकाळी त्या माझ्या पतींकडे आल्या आणि त्यांनी हरकतीचा अर्ज लिहून घेतला. मी कचेरीतली असल्याने तो मी लिहिणे बरे दिसले नसते. अर्जावर गल्लीतल्या बायकांनी अंगठे दिले, काहींनी सह्या केल्या. अर्ज कचेरीत आला, रीतसर माझ्याच टेबलावर आला आणि मी तो गुजरातीत उतरवून साहेबांपुढे ठेवला.

साहेब निवृत्तीला आलेले, मितभाषी गुजराती गृहस्थ होते. मला ते बहेन म्हणत. अर्ज वाचून ते म्हणाले, “बहेन, लोक जे पाणी वापरतात ते बुजवायला मी सहसा परवानगी देत नाही. पण वापर मला डोळ्यांनी दिसला पाहिजे, किंवा लोकांनी पंचांसमोर तसं सांगितलं पाहिजे. नाहीतर माझ्या हातात काही राहत नाही. आपण जाऊन बघू.”

मला फार बरे वाटले. वापर तर रोजच दिसत होता. घरी येताच मी मावशींना गाठले.

“परवा साहेब येणार आहेत. दगड, धुणं, वाळत घातलेले कपडे, सगळं रोजच्यासारखं राहू द्या. काही आवरू नका.”

“हाओ बाई.” मग त्यांनी विचारले, “साहेब कोन शे? गुजराती?”

“हो.”

“मंग चहा लागी.”

त्या दिवशी मी कचेरीच्या जीपमधून आले. सोबत साहेब, मिलचे मॅनेजर आणि दोन पंच होते. गल्लीच्या टोकाशी उतरलो आणि क्षणभर मला वाटले, आपण दुसऱ्याच खाडीवर आलो.

काठ झाडलेला होता. झाडून त्यावर पाणी शिंपडले होते. दोऱ्या काढल्या होत्या, कपडे नव्हते. धुण्याचे दगडही नव्हते. त्यांच्या जागी ओल्या मातीचे ताजे चौकोन तेवढे दिसत होते आणि त्यावरही कोणी रांगोळीची चिमूट सोडली होती. कोणाच्या तरी घरची खुर्ची आणून तिच्यावर धुतलेला टॉवेल अंथरला होता. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, पदर डोक्यावरून घेऊन ओळीने उभ्या होत्या. मावशींच्या हातात चहाचा ट्रे होता.

साहेब खरोखर प्रसन्न झाले. “किती स्वच्छ ठेवता तुम्ही लोक,” ते म्हणाले. मी ते मराठीत सांगितले आणि मावशींचा चेहरा असा उजळला की पुढचे काही बोलण्याचे मला धैर्य होईना.

साहेबांनी चहा घेतला आणि विचारायला सुरुवात केली. ते गुजरातीत विचारत, मी मराठीत सांगे आणि उत्तर उलट पोहोचवी.

“इथे कपडे धुता?”

“नही साहेब,” मावशी म्हणाल्या. “आम्हना घरमा नळ शे.”

“गुरं धुणं, आंघोळ?”

“आम्ही काय गावढळ शेत का?” शेजारची सून म्हणाली आणि ओळीत हसू पसरले.

मी पुढे सरकून हळूच म्हटले, “मावशी, आहे ते सांगा. दंड नाही होणार.”

त्यांनी माझ्याकडे न पाहता उत्तर दिले, “बाई, इतला मानसंसमोर धुनं काय सांगानं?”

“मग हरकत कशाची?” साहेबांनी विचारले. त्यांच्या आवाजात चीड नव्हती. त्यांना खरेच समजून घ्यायचे होते.

“कानबाईनी,” मावशी ठामपणे म्हणाल्या. “वरीसले अठे येस आम्हनी कानबाई.”

“म्हणजे पाण्यात काही सोडता? फुलं, निर्माल्य?”

हा प्रश्न मी मराठीत सांगताना मावशींच्या डोळ्यांत पावती-पुस्तक उभे राहिलेले मला दिसले. मी काही जोडण्याआधीच त्यांनी दोन्ही हात हलवले.

“नही नही. काहीच टाकतस नही. पानीले हात बी लावतस नही.”

मी ते वाक्य गुजरातीत सांगितले. त्यामागोमाग माझ्याकडूनही सांगितले, की श्रावणात देवीचा नारळ याच पाण्यात बुडवतात. साहेबांनी मावशींकडे पाहून विचारले, “असं आहे?” मावशी रिकामे कप ट्रेमध्ये गोळा करू लागल्या. पंचांनी लिहून घेतले. मॅनेजरना त्या दिवशी एक शब्दही बोलावा लागला नाही.

परतताना जीपमध्ये मी बोलले. माझ्या स्वभावाला ते जड गेले, पण बोलले. दगड घरांमागे पोत्यांखाली झाकलेले मला निघताना दिसले, काल सकाळपर्यंत तिथे धुणे चालत होते, हे सारे सांगितले. साहेबांनी ऐकून घेतले.

“बहेन, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण हरकत घेणाऱ्यांनीच वापर नाही म्हटलं. उद्या मिलवाले वर गेले आणि वापर कुठे दिसला म्हणून विचारलं, तर मी काय दाखवू?” त्यांनी मांडीवरची फाइल मिटली. मग म्हणाले, “त्यांना कचेरीत येऊन जबाब बदलू द्या. मी थांबतो.”

तोच निरोप घेऊन मी मावशींकडे गेले. त्या अजून त्या दिवशीच्या कौतुकातच होत्या. साहेबांनी कप-बशीत चहा प्यायला, आपल्या गल्लीला नावाजले, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. माझे म्हणणे ऐकताना मात्र त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आपल्या नाही म्हणण्याचा अर्थ काय झाला, हे त्यांना तेव्हा कळले असावे.

“चार मानसंमा नही म्हनी चुकनू,” त्या म्हणाल्या. “आते कचेरीमा जाईसन खोटी ठरू का? साहेब काय म्हनी, ह्या लोके असाच शेत.”

मी समजावले. माझ्या पतींनी समजावले. त्यांच्या मुलानेही, आई, चाल ना, म्हणून पाहिले. त्या आल्या नाहीत. साहेब थांबायचे तितके थांबले आणि मग परवानगी निघाली. तीत त्यांनी आपल्या अधिकारात एक अट घातली होती, की गल्लीच्या टोकाशी गाळ काढण्यासाठी जाळीचे झाकण ठेवावे. त्यांच्या परीने ती खाडीची आठवण ठेवली होती, असे मी मानते. दिवाळीनंतर काम सुरू झाले आणि पावसाळ्याआधी स्लॅब टाकून झाली. पोत्यांखालचे दगड हळूहळू कोणाच्या दारात पायरी झाले, कोणाच्या चुलीपाशी गेले.

श्रावण आला. मुलाने तापीवर जायला टेम्पो ठरवायची तयारी दाखवली. मावशी म्हणाल्या, कानबाई टेम्पोत बसत नाही. सोमवारी मिरवणूक नेहमीच्या वाटेने, नेहमीच्याच गल्लीच्या टोकाशी आली. मिलकडे निघालेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही, उलट इंजिन बंद केले. त्या शांततेत मावशी डोक्यावरचा चौरंग सांभाळत जाळीपाशी उभ्या राहिल्या.

“बाई,” त्यांनी मला हाक मारली. “खाले पानी वाही राह्यनं ना?”

मी वाकून कान दिला. आत काळोख होता, आणि खोलवर पाण्याचा आवाज होता.

“हो मावशी. वाहतंय.”

जाळीच्या फटीतून नारळ जाणार नव्हताच. शेजारच्या सुनेने घरून नळाच्या पाण्याची बादली आणली. मावशींनी जाळीवर बादली ठेवली, तीत नारळ बुडवला आणि मग ते पाणी सावकाश जाळीतून खाली सोडले, जणू खाडीचे खाडीला परत केले. वाळूसाठी त्या इकडेतिकडे पाहू लागल्या. रस्त्याच्या कडेला कंत्राटदाराची उरलेली वाळू पडून होती. तिच्यातली मूठभर त्यांनी पाटावर घेतली. गाणे म्हणायचे होते, पण ते कोणी सुरू केले नाही.

निघताना त्या पुन्हा मागे वळल्या. झाकणाभोवती झेंडूच्या पाकळ्या आणि तांदळाचे चार दाणे सांडले होते. खाली बसून त्यांनी ते एकेक करून वेचले, ओटीत घेतले आणि पदराच्या टोकाने ती जागा पुसली. मग ट्रकवाल्याला हाताने खूण केली, की आता जा.