लासलगावच्या खळ्यातला एक हसरा फोटो

फोटो नेमका कोणाचा असतो? काढणाऱ्याचा, की ज्याचा काढला त्याचा? मला माहीत नाही. लासलगावला जायच्या आधी पक्कं ठाऊक होतं, कारण तोवर मी फोटोग्राफीवरचे व्हिडिओ भरपूर पाहिले होते आणि फोटो फारसे काढले नव्हते.

नाशिकमध्ये 'कष्टाचे चेहरे' या विषयावर प्रदर्शन भरणार होतं. फोटो रविवारपर्यंत पाठवायचे होते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्यामुळे कष्टकऱ्यांचं सत्य जगापुढे मांडणं हे माझं काम आहे असं मला वाटतं, आणि बँकेची परीक्षा देणं हे माझं काम आहे असं दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना. आमचा फुलांचा मळा आहे. दादा रोज पहाटे शेवंती-झेंडू घेऊन बाजारात जातात. "आत्याकडे शांतपणे अभ्यास होईल," असं त्यांना सांगून मी शुक्रवारी निघाले. बॅगेत वर अंकगणिताचं पुस्तक, खाली सेकंडहँड कॅमेरा.

जाणाऱ्यांसाठी: नाशिकहून सकाळची पहिली एसटी धरा, कांद्याचा लिलाव चुकत नाही. बायकांना अर्धं तिकीट. निफाडपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, पुढे ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. ओव्हरटेकची आशा सोडून द्या. स्कार्फ न्या.

माझी आत्या लासलगावात फोटो स्टुडिओ चालवते. पासपोर्ट, लग्न, बारसं, हार घातलेला नवा ट्रॅक्टर, सगळं. तिने माझ्या कॅमेऱ्यावर गुलाबी कॅरीबॅग चढवली, लेन्सपुरतं भोक पाडलं आणि वर रबर लावलं.

"आत्या, हे काय? लोक हसतील."

"हसू दे. कांद्याची फोलपटं आत गेली की तू रडशील. आणि ऐक, लिलावात लेन्स बदलायची नाय. सकाळी लावली ती लावली. नवरा समज."

बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या होत्या. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबायचा, बोली लागायची, घोळका पुढे सरकायचा. मला एका व्यापाऱ्याचा चेहरा जवळून हवा होता. मी नवरा बदलला. नेमका तेव्हाच वारा आला.

दोन तासांनी भेळभत्ता खाताना फोटो पाहिले, तर प्रत्येक आकाशात, एकाच जागी, काळा डाग. सेन्सरवर फोलपटाचा कण बसला होता. "झाला घटस्फोट?" आत्या म्हणाली आणि मला खळ्यावर घेऊन गेली. खळं म्हणजे व्यापाऱ्याची पत्र्याची शेड. लिलावात घेतलेला कांदा इथे बायका बसून निवडतात. आत अंधार, म्हणजे डाग दिसणार नाही.

साडीवर पुरुषी शर्ट घातलेल्या वीसेक बायका कांदा निवडत होत्या. साठीच्या शेवंताबाई मुकादमाच्या चालण्याची नक्कल करत होत्या. मग त्या स्वतःच्याच नकलेवर हसल्या. मान मागे, पदर खांद्यावर, केसांत फोलपटं, पुढचे दोन दात गायब. मी बटण दाबलं. आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो. त्या दिवसाचा धड असाही तो एकच.

"दाखव बरं," शेवंताबाई म्हणाल्या. बराच वेळ पाहिला. "लय भारी आलाय. आता पुस."

"का हो?"

"माझा पोरगा नाशकात हाय, इंदिरानगरला. त्याला सांगितलंय, गुडघ्यापायी खळं सोडलं म्हणून. त्यानं हे पाह्यलं तर गाडी करून येईल अन् मला उचलून नेईल. तिथं काय करू? सुनेसंगं सिरीयल बघू?"

"मग खरं सांगून टाका ना त्यांना," मी तळमळीने म्हणाले. "कामाची लाज कशाला?"

"लाज कुणाला हाय? मला इथंच बसायचंय."

आत्या मध्येच म्हणाली, "ही तुम्हाला खरं बोलायला शिकवते. हिच्या बापाला वाटतंय, पोरगी इथं गणितं सोडवते!"

अख्खं खळं हसलं. मी "पुसते" म्हणाले. पुसला नाही.

शनिवारी सकाळी शेवंताबाई स्टुडिओत आल्या. हिरवी साडी, नथ, पावडर. "प्रदर्शनाला फोटो पायजे ना तुला? हा लाव." आत्याने तोवर ब्लोअरने माझा सेन्सर साफ केला होता. ती त्यांना म्हणाली, "श्वास सोडा, मग बघा." सोडलेल्या श्वासावर चेहरा सैल पडतो, हे मला एकाही व्हिडिओने सांगितलं नव्हतं. शेवंताबाईंनी श्वास सोडला आणि तरीही त्या शाळा तपासायला आलेल्या साहेबांसारख्या ताठ बसल्या. मी फोटो काढला.

"कालचा पुसला ना गं?"

"हो," मी म्हणाले.

परतीच्या एसटीत तो फोटो मी कितीदा उघडला, ते सांगत नाही. इंदिरानगरातली किती माणसं प्रदर्शनं बघतात, असाही हिशेब केला. घरी पोचले तर दादा शेजारच्यांना सांगत होते, "पोरगी दोन दिवस आत्याकडं जाऊन अभ्यास करून आली." मी तशीच आत गेले.

काय घेऊन आले? एक युक्ती श्वासाची, एक कॅरीबॅगची, बॅगभर कांद्याचा वास. आणि एका बाईच्या तोंडावर बोललेलं खोटं.

रविवारी दुपारी मी दादांना कॅमेरा दाखवला आणि कुठे, कशासाठी गेले होते ते सांगितलं. ते म्हणाले, "गणितं तर तशीच राहिली की." एवढंच. मग हसरा फोटो कार्डातून काढला, लॅपटॉपमधून काढला, लॅपटॉपच्या कचरापेटीतूनही काढला. 'कष्टाचे चेहरे'ला हिरव्या साडीतला, ताठ बसलेला फोटो पाठवला. आणि आत्याला फोन करून म्हणाले, "शेवंताबाईंना निरोप दे. तेव्हा पुसला नव्हता, आज पुसलाय."