हळदीच्या अंगठ्याची कादंबरी

मी जन्मभर वाचल्या त्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणि संतचरित्रं. त्यामुळं बायकोला जाऊन जेमतेम सहा महिने झाले तोच सुनेनं मरणावरची विनोदी कादंबरी हातात दिली, तेव्हा डोक्यात पहिला प्रश्न आला, काहून? सून इथंच वसमतला बँकेत नोकरीला आहे, कामापुरतं बोलते. आणि एकदम म्हणते, "मामा, हे वाचून बघा."

कादंबरीत एक म्हातारा मरायला टेकलाय, पण मरत नाही. पाहुण्यांच्या रजा संपत आल्यात आणि हा खाटेवर पडून स्वतःच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स तपासतोय. फोटोत टोपी तिरपी आली म्हणून पोराला परत पिटाळतोय. ह्यात हसायचं काय, मला काही कळेना.

पुढं एका पानाच्या कडेला अंगठ्याचा पिवळा डाग दिसला, हळदीचा. शेजारी ओळ होती की म्हातारा रोज तीनदा उठून गॅस बंद आहे का बघतो. मीही बघतो. पुढचा डाग म्हाताऱ्याच्या दारातल्या चपला ओळीत लावण्यापाशी. तेही मीच करतो. जिथं डाग तिथं मी! माझं टाळकंच सरकलं.

आदल्याच आठवड्यात पोरगा नि सून नातीला अभ्यासाला खोली पाहिजे म्हणून कुजबुजत होते. घरात जास्तीची खोली कोणती, तर माझी. म्हणजे हे पुस्तक म्हणजे निरोपच होता, बराबर.

मग मला सगळ्यातच काळंबेरं दिसायला लागलं. कादंबरीतली सून म्हाताऱ्याच्या दुधात काहीबाही घालायला निघते. तिथवर वाचलं आणि मी माझा दुधाचा पेला मांजरीला पाजला. अर्धा तास तिच्याकडं बघत बसलो. मांजर मिशा चाटत मजेत. लाज वाटली, पण संशय गेला नाही. साखऱ्याला, आमच्या गावी, शेतातल्या घरात एकटं राहायचं ठरवून मी बॅग भरली.

रविवारी सकाळी बॅग दारात ठेवली आणि पुस्तक सुनेपुढं टाकलं. खोली पाहिजे असंल तर तोंडावर सांगायचं, पुस्तकात खुणा करून कशाला, असं बरंच काही बोललो. पोरगा मधे पडला, नातीची खोली वर गच्चीवर बांधायचं ठरवलंय म्हणाला. मी त्याला गप्प केलं.

सुनेनं डाग बघितले. मग हळूच विचारलं, "मामा, आपल्या घरात हळद कोण निवडायचं?"

शेतातली हळद घरी आली की बायको दिवसदिवस निवडत बसायची, तिची बोटं महिनाभर पिवळी असायची. सुनेला तर हळदीजवळ गेलं तरी शिंका येतात. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मलासुद्धा.

सून सासूबद्दल सांगायला लागली, "आत्याबाईंनी आजारपणात वाचलं हे. हसून हसून बेजार व्हायच्या. म्हणल्या, मी गेल्यावर सहा महिन्यांनी त्यांना दे. आधी रागावतील."

चाळीस वर्षं मी समजत होतो की बायको फक्त पोथी वाचते. ती आणखी काय वाचते, कशाला हसते, हे मी कधी विचारलंच नाही. फार वाईट वाटलं.

शेवटचा डाग पुस्तकाच्या अखेरीला होता, मी तिथवर पोचलोच नव्हतो. उभ्याउभ्याच वाचलं. म्हातारा बायकोला विचारतो, मी गेल्यावर तू काय करशील? ती म्हणते, काय करणार, गॅस बघत जाईन.

मला हसू फुटलं ते आवरेना, आणि डोळ्यांना धार लागली. माझी आधी गेली. गॅस अजून मीच बघतो.

सुनेनं बॅग उचलून माझ्या खोलीत नेऊन ठेवली.